विळीवर घडलेल्या हातासाठी जपानी सुरी

जपानला जाऊन हाताने घडवलेली सुरी आणायची असेल, तर खरेदीची सुरुवात आपल्या ओट्यापासून करा. घरात आठवडाभर काय चिरलं जातं आणि किती, ते एका कागदावर लिहून काढा. माझ्या कागदावर होतं: कांदे रोज 6-7, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी नाहीतर पालक आठवड्यातून तीनदा, कोबी, फरसबी, भेंडी, वांगी, महिन्यातून दोनदा लाल भोपळा, रविवारी बांगडे किंवा पापलेट. हा कागद मी पर्समध्ये घालून ओसाकाजवळच्या साकाई शहरात नेला आणि दुकानात काउंटरवर उलगडून ठेवला. लेकीने तो जपानीत वाचून दाखवला. दुकानातले काका शांतपणे ऐकत होते. काचेच्या कपाटातल्या चमचमत्या सुऱ्यांकडे ते वळलेसुद्धा नाहीत. खालचा खण उघडून त्यांनी दोन साध्या, काळपट पात्यांच्या सुऱ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्यातली एक आज माझ्या ओट्यावर आहे.

पहिल्या खेपेला, 2018 साली, असा कागद माझ्याकडे नव्हता. टोकियोत सहलीच्या गडबडीत एका दुकानात शिरले आणि 20 मिनिटांत 240 मिलिमीटरची सुरी घेऊन बाहेर पडले. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती, मला ती फार आवडली होती. ठाण्याला आल्यावर महिन्याभरात लाल भोपळा फोडताना पातं मध्येच रुतलं आणि विळी-कोयत्याच्या सवयीने मी मनगट पिळलं. टक् असा बारीक आवाज झाला. धारेतून मोहरीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. मला रडू आलं, खरंच. सुरी वाईट नव्हती. ती कशासाठी घडवली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

ते काय, हे आधी समजून घ्या. आपल्या बाजारात मिळणारी साधी सुरी मऊ पोलादाची असते. दाब पडला की धार वाकते, बोथट होते, पण तुटत नाही. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापावर मोजतात. जर्मन सुऱ्या साधारण 56 ते 58 वर असतात, हाताने घडवलेल्या जपानी सुऱ्या 60 ते 64 वर. पोलाद कठीण म्हणून धार पातळ काढता येते आणि ती पुष्कळ दिवस टिकते. त्याच कठीणपणामुळे पातं पिळलं किंवा हाडावर आपटलं, तर टवका उडतो. म्हणजे या सुरीने नारळ फोडायचा नाही, शहाळं तासायचं नाही, गुळाची ढेप फोडायची नाही, गोठलेलं मटण कापायचं नाही, फणसाला हात लावायचा नाही. लोणच्याच्या कैऱ्या बाठीसकट फोडायला मोठा अडकित्ताच हवा. भोपळा चिरता येतो, पण पातं सरळ खाली न्यायचं, रुतलं तर सरळच वर काढायचं. ही कामं तुमच्या घरात रोजची असतील तर जुनी सुरी किंवा कोयता टाकून देऊ नका, दोन्ही ठेवा.

आता पोलादाचा प्रश्न. गंजणारं घ्यावं की न गंजणारं? प्रवासाची माहिती देणारे बहुतेक जण सांगतात, नवख्याने स्टेनलेसच घ्यावं. विळीवर वाढलेल्या माणसांना हा सल्ला मी देणार नाही. मी रत्नागिरीजवळच्या आजोळी लोखंडी विळीवर चिरायला शिकले आणि पुढे 22 वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. आजीचा नियम एकच होता: चिरून झालं की विळी धुवायची, पुसायची आणि आडवी करून भिंतीशी ठेवायची. केळफूल किंवा कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडायचं, आजी त्याकडे लक्षही द्यायची नाही. फक्त तांबूस गंज दिसला की चिंच आणि राखेने घासायला लावायची. जपानी कार्बन पोलादाचा स्वभाव अगदी हाच आहे. पहिल्या काही दिवसांत पातं निळसर-करडं होतं, मग तो रंग स्थिर होतो आणि गंजापासून थोडं संरक्षणही देतो. टोमॅटो, लिंबू, कोकम लागलं की लगेच पुसायचं. एवढी सवय हातात असेल तर कार्बन पोलादाला घाबरायचं कारण नाही. त्याच्यावर धार चढते भराभर आणि घरी लावता येते.

दुकानात दोन नावं सारखी कानावर पडतील: शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद. शिमाने प्रांतात यासुगी नावाच्या गावी हे पोलाद होतं आणि त्यावर लावायच्या कागदाच्या रंगावरून ही नावं पडली. शिरोगामी म्हणजे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन. त्याला धार सगळ्यात सहज लागते. आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं असतं, त्याची धार जास्त टिकते पण लावायला वेळ घेते. दोन्ही गंजतात, निळं जरासं कमी. न गंजणारं हवंच असेल तर व्हीजी-10 किंवा गिनसान विचारा, दोन्ही चांगली आहेत. घरात सुरी वापरणारे चार हात असतील, त्यातला एखादा ती सिंकमध्ये टाकून निघून जाणारा असेल, तर न गंजणारंच घ्या.

मी स्वतः मधला मार्ग घेतला आणि बहुतेकांना तोच सुचवते: आत धारेला आओगामी, बाहेरून दोन्ही अंगांनी स्टेनलेसचं आवरण. हाताने घडवलेल्या पुष्कळशा सुऱ्यांत मध्ये कठीण पोलाद, त्याला ते हागाने म्हणतात, आणि बाहेर मऊ लोखंड असतं, त्याला जिगाने. लोहार दोन्ही तापवून, ठोकून एकजीव करतो आणि मग पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कठीण करतो. मऊ आवरण धक्का झेलतं आणि धार लावायच्या दगडावर पटकन घासलं जातं. आवरण स्टेनलेसचं असलं की गंजण्याजोगी जागा राहते ती फक्त धारेजवळची बोटभर पट्टी.

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीबद्दल एकच सांगते, त्या लाटा कांदा चिरत नाहीत. चिरते ती मधली पोलादाची रेघ. नक्षी आवडत असेल तर जरूर घ्या, पण आधी आतलं पोलाद कोणतं ते विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आकार निवडताना कागद परत काढा. सांतोकु ही जपानी घरांतली रोजची सुरी, 165 ते 180 मिलिमीटर. नावाचा अर्थ तीन गुण: मांस, मासे, भाजी. घरात एकच चांगली सुरी असणार असेल तर हीच. ग्युतो लांब आणि टोकदार, हॉटेलातल्या आचाऱ्यांची आवडती. आपल्या ओट्याला 210 पुरे, 240 घेऊन मी पस्तावले. बारीकसारीक सोलाकापायला 120 ते 150 ची छोटी सुरी, तिला पेटी म्हणतात.

आणि नाकिरी. आपल्या घरांसाठी माझं मत पूर्णपणे नाकिरीला आहे. ना म्हणजे पाला, किरी म्हणजे कापणारी. चौकोनी पातं, टोक नाही, धार जवळपास सरळ. मेथीची जुडी फळीवर ठेवून सुरी खाली टेकवली की पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत फळीला लागतं, त्यामुळे कोथिंबिरीच्या काड्या तोरणासारख्या एकमेकींना लटकून राहत नाहीत. पातं उंच असल्याने चिरलेला कांदा त्यावरच उचलून कढईत टाकता येतो. दुकानात मला काढून दिलेल्या दोन सुऱ्यांत एक सांतोकु होती, एक नाकिरी. मी 165 ची नाकिरी घेतली.

एक चूक मात्र टाळा. यानागिबा, उसुबा, देबा अशा काही सुऱ्यांना एकाच अंगाने धार असते. त्या दिसायला देखण्या असतात, पण एकधारी सुरीने कोबी चिरायला गेलं की पातं एका बाजूला ओढलं जातं. त्या सुऱ्या म्हणजे वेगळी विद्या आहे. दुकानात र्योबा म्हणजे दोन्हीकडून धार असलेली आणि काताबा म्हणजे एकधारी, हे दोन शब्द पाठ करून जा. तुम्ही डावखुरे असाल तर हे आणखी महत्त्वाचं. एकधारी सुरी उजव्या हाताची ठरलेली असते, डाव्या हाताची बऱ्याचदा सांगून बनवून घ्यावी लागते आणि महाग पडते. माझी मालवणची ताई डावखुरी आहे आणि तिला माशांसाठी देबा हवी होती. तिच्यासाठी मी यो-देबा घेतली, जाड पाठीची पण दोन्हीकडून धार असलेली, 165 ची. बांगड्याचं डोकं ती सहज उतरवते. मोठ्या सुरमईच्या मणक्यातून तुकड्या पाडायला ताई अजून कोयताच घेते आणि ते बरोबर आहे.

कुठे जायचं? वेळ कमी असेल तर टोकियोतलं काप्पाबाशी. उएनो आणि असाकुसाच्या मधला हा साधारण 800 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची 170 च्या आसपास दुकानं. गिंझा मेट्रोच्या तावारामाची स्टेशनावर उतरा. इमारतीच्या डोक्यावर उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं प्रचंड मोठं मुंडकं दिसलं की पोहोचलात. पुष्कळ दुकानं रविवारी बंद असतात आणि संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून साध्या वारी सकाळी जा. ओसाकात नांबाजवळ दोगुयासुजी नावाची अशीच गल्ली आहे. क्योतोच्या निशिकी बाजारातली आरित्सुगु ही सुऱ्यांची पेढी 1560 पासून चालत आलेली. तिथे गर्दी असते, पण नुसतं बघायलासुद्धा जावं.

दिवस हाताशी असेल तर साकाईलाच जा. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेलं हे शहर. तेन्नोजीहून हांकाई ट्राम घराघरांच्या मधून रमतगमत जाते. म्योकोकुजी-माए थांब्यावर उतरलं की चालत थोड्याच अंतरावर साकाई देनशोकान आहे. तिथे शहरातल्या अनेक कारखानदारांच्या सुऱ्या एका छताखाली बघायला मिळतात आणि वरच्या मजल्यावर सुऱ्यांचं संग्रहालय आहे. आधी तिथे तासभर घालवून मग आसपासच्या दुकानांत जावं, म्हणजे डोळा तयार होतो. 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली, ती कापायच्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या आणि पुढे एदोच्या शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, त्यांना स्वतःचा शिक्का दिला. 1982 मध्ये सरकारने इथल्या घडवलेल्या पात्यांना पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली.

साकाईत एक सुरी एकाच माणसाच्या हातून होत नाही. लोहार पातं घडवतो, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि शिक्का बहुतेक वेळा विकणाऱ्या पेढीचा. म्हणून तिथे विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच की घडवली कुणी आणि धार कुणी काढली. मी विचारलं तेव्हा काकांचा चेहरा उजळला. त्यांनी दोघांचं वय, दोघं किती वर्षं एकमेकांबरोबर काम करतायत, सगळं सांगितलं. लेक भाषांतर करता करता थकली.

लोहारकाम प्रत्यक्ष बघायचं असेल तर फुकुई प्रांतातल्या एचिझेनला जा. तिथे ताकेफु नाइफ व्हिलेजमध्ये अनेक लोहार एकाच मोठ्या शेडमध्ये काम करतात आणि वरच्या सज्जातून ते पाहता येतं. मार्च 2024 पासून होकुरिकु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत धावते आणि तिचं एचिझेन-ताकेफु असं स्टेशनच झालं आहे. ओसाकाहून थंडरबर्ड गाडीने त्सुरुगा, तिथे गाडी बदलायची. आम्ही नोव्हेंबरात गेलो. यांत्रिक घण धाडधाड चालू होता, पण लालभडक पट्टी त्याखाली सरकवणारा माणूस एका क्षणासाठीही नजर हलवत नव्हता. रंगावरून तो उष्णता ओळखत होता. गिफु प्रांतातलं सेकी आणि निइगातातलं सान्जो हीसुद्धा पात्यांची नामांकित गावं, तुमच्या वाटेवर असतील तर बघा.

दुकानात वागायची रीत सांभाळा. सुरी स्वतः उचलू नका. सुमिमासेन, सावात्ते मो ई देसु का, म्हणजे माफ करा, हात लावू का, असं विचारा. ते मूठ तुमच्याकडे करून ठेवतील. धारेवर अंगठा फिरवू नका. फोटो विचारूनच काढा. घासाघीस अजिबात करायची नाही, तिथे ती पद्धत नाही आणि समोरचा माणूस अवघडून जातो.

सुरी हातात आली की मी चार गोष्टी बघते. एक, पातं मुठीला मिळतं तिथे अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरायचं, उरलेली तीन बोटं मुठीवर. अशी धरून मिनिटभर उभी राहते. मनगट खाली ओढलं गेलं तर ती सुरी माझी नाही. दोन, पाठीच्या कडांवरून आणि टाचेच्या, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाच्या, आतल्या कोपऱ्यावरून बोट फिरवते. चांगल्या कामात या कडा गोल केलेल्या असतात. तशाच टोकेरी सोडल्या असतील तर 20 कांद्यांनंतर बोटाला घट्टा पडतो. तीन, सुरी डोळ्यासमोर आडवी धरून टाचेकडून टोकाकडे बघते, बंदुकीचा नेम धरावा तशी. पातं कुठे बाकदार असेल तर दिव्याचा उजेड मोडतो. चार, पातं मुठीत शिरतं ती जागा. तिथे फट असेल तर पाणी शिरून आतून गंजेल.

मूठ बहुधा होनोकी लाकडाची असते, हलकी, ओल्या हातातूनही न सटकणारी. तिच्या तोंडाशी काळी कड दिसते ती म्हशीच्या शिंगाची. घरात कुणाला ते चालणार नसेल तर आधीच सांगा, लाकडाची किंवा प्लास्टिकची कड असलेली सुरीही मिळते. अष्टकोनी मूठ दोन्ही हातांना चालते. एका बाजूला फुगीर असलेली मूठ उजव्या हाताची, तेवढं डावखुऱ्यांनी बघून घ्यावं.

नाव कोरून घ्यायचं असेल तर विचारा, अनेक दुकानांत समोरच कोरून देतात. मी माझं नाव घातलं नाही, आजीचं घातलं: शेवंता. लेकीने ते जपानी लिपीत शेबांता असं लिहून दिलं. काकांनी पातं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवलं, बारीक छिन्नी घेतली आणि छोट्या हातोडीने टिकटिक करत एकेक रेघ घातली. पेन्सिलची खूण नाही, काही नाही. तीन मिनिटांत आजी पात्यावर आली. कोरलेली सुरी परत घेत नाहीत, म्हणून हे सगळ्यात शेवटी करा.

किमतीचं म्हणाल तर हाताने घडवलेली, साधी, कामाची नाकिरी किंवा सांतोकु 15 ते 25 हजार येनच्या दरम्यान बसते. 100 येनचे 55-60 रुपये धरून हिशेब करा. त्याहून वर पैसे जातात ते दुर्मिळ पोलाद, नक्षी, मूठ आणि कारागिराचं नाव यांना. घरच्या वापराला मला त्याची गरज वाटत नाही. उरलेल्या पैशांत दगड घ्या, तो मी अजिबात सोडणार नाही.

उपभोग कर 10 टक्के आहे. एका दिवशी एका दुकानात कर सोडून 5,000 येनची किंवा जास्त खरेदी असेल तर पर्यटकाला करमुक्त मिळते, मात्र सगळ्या दुकानांत नाही, करमुक्तीची पाटी बघून घ्या. मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाईलमधला फोटो चालत नाही. ही सवलत फक्त पाहुण्यांना. माझी लेक तिथे नोकरी करते, तिला ती मिळत नाही. 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलते: दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर सीमाशुल्काची तपासणी झाल्यावर कर परत मिळवायचा. तिथे वस्तू बघायला मागू शकतात आणि सुरी तर चेक-इन बॅगेत असणार, म्हणून बॅग देण्याआधी हे काम उरका.

आता एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. जपानात 6 सेंटिमीटरहून लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. दुकानातून बांधून घेतलेली सुरी हॉटेलवर नेणं हे सबळ कारण आहे. तीच सुरी पाठपिशवीत टाकून दुसऱ्या दिवशी बागेत सफरचंद कापायला काढणं नाही. खोका उघडू नका, बिल खोक्याबरोबर ठेवा, सरळ मुक्कामावर जा. रेल्वेतही उघडी सुरी नेता येत नाही. शक्यतो प्रवासाच्या शेवटच्या दोन दिवसांतच खरेदी करा.

विमानात हातातल्या बॅगेत सुरी कधीच नाही. फक्त केबिन बॅग घेऊन जाणाऱ्यांनी हा विचार तिकीट काढतानाच करावा. चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा, टोकाला आणि धारेला पुठ्ठ्याचं म्यान असू द्या. मुंबईला उतरून पुढे देशातलं विमान असेल तरी सुरी चेक-इनमध्येच. बिलावर किचन नाइफ असं इंग्रजीत लिहून घ्या. आपल्या शस्त्रविषयक नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख येतो, त्यातून घरगुती वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. ही घरगुती वस्तू आहे हे बिल आणि खोका यांवरून दिसलं की विचारणाऱ्यालाही सोपं जातं.

घरी आणल्यावर लाकडी फळी वापरा. काच, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट यांवर धार पहिल्याच दिवशी जाते. चिरलेलं गोळा करायला धारेने फळी खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ढकला. कार्बन पोलादाची सुरी पहिले काही दिवस कांद्याला, कोबीला किंचित काळपट डाग देते, नव्या विळीसारखंच, मग थांबतं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम धरतात, तेव्हा रात्री पात्यावर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवते आणि सकाळी पुसून टाकते. जपानात यासाठी त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं, तेल मिळतं, तेही चांगलं.

दारावर येणाऱ्या धारवाल्याला ही सुरी देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, धार तापते आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरतं. जपानहून 1000 नंबरचा पाण्याचा दगड आणा, जमलं तर 3000 चाही. बुडबुडे थांबेपर्यंत दगड पाण्यात ठेवायचा, 10-15 मिनिटं. खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. पातं दगडावर आडवं टेकवून पाठीखाली दोन नाणी राहतील एवढंच उचलायचं आणि डाव्या हाताची दोन बोटं धारेजवळ ठेवून पुढे-मागे न्यायचं. दगडावर करडी लापशी जमेल, ती धुऊ नका, काम तीच करते. थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाने, पात्याकडून धारेच्या बाहेर, बोट हलकेच ओढून बघा. धारेच्या कडेला केसाएवढी खरखर लागली पाहिजे, टाचेपासून टोकापर्यंत सलग. जिथे लागत नाही तिथे अजून घासायचं. मगच बाजू बदलायची, आणि शेवटी एकेक हलका हात दोन्ही अंगांनी देऊन ती खरखर काढून टाकायची.

2018 च्या त्या सुरीचा टवका मी याच दगडावर बसून चार रविवार घासून काढला. आता ती दोन मिलिमीटरने अरुंद झाली आहे आणि टोमॅटो तिच्यावरच चिरले जातात.